टॅब घेऊ नकोस, कॉम्प्युटर घे

सखे,

तुझा प्रश्न दोन ओळींचा आणि माझं उत्तर चार पानांचं, हे आपलं शाळेपासून ठरलेलं. लेकाला खेळांसाठी टॅब घ्यावा की धड कॉम्प्युटर, हे तू टोरांटोत बसून मला इथे चेन्नईजवळच्या आवडीत विचारतेस, म्हणजे उत्तर तुला ठाऊक आहे. तुला फक्त माझ्याशी भांडायचंय. ये तर मग.

आधी इकडची खबरबात. अंबरनाथहून नवऱ्याची बदली इथल्या हेवी व्हेईकल्स फॅक्टरीत झाली तेव्हा मी किती रडले होते, ते फोनवर तूच ऐकलंस. आता शेजारच्या अक्कांच्या हातची फिल्टर कॉफी मिळाल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. आणि आमची कन्या! तुला सांगते, ती तमिळमध्ये अशी घासाघीस करते की बाप नुसता पिशवी धरून उभा असतो. मागे ग्राफिक्स कार्ड घ्यायला लोकलनं सेंट्रलला आणि तिथून रिक्षानं रिची स्ट्रीटला गेलो. गल्लीभर वायरी, पंखे, कॅबिनेटांचे खोके. ‘घरचा पॉवर सप्लाय या कार्डाला पुरेल का?’ एवढं तिनं विचारलं मात्र, दुकानदारानं तिला स्टूल दिलं, बापाला नाही.

या मुलीमुळेच मला हे सगळं कळायला लागलं. फोनवरचे खेळ वाईट असतात असं मी मुळीच म्हणणार नाही. नवी मुंबईतल्या गेमशननं 2016 मध्ये काढलेला लुडो किंग 2020 च्या टाळेबंदीत घराघरांत पोचला. आमच्या अक्का आजही त्यावर मदुराईच्या बहिणीशी तावातावानं खेळतात. त्यांच्या घरात कॉम्प्युटर कधी आला नाही, येणारही नाही. फोननं त्यांना खेळात घेतलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण अ‍ॅप स्टोअरचा खेळ तुझ्या हातात असला तरी त्याची किल्ली दुकानदाराकडेच राहते गं. कॉलनीतल्या काकांच्या कॉम्प्युटरवरचा प्रिन्स ऑफ पर्शिया आठवतोय ना? साठ मिनिटांत राजकन्या सोडवायची आणि काकू नेमक्या पन्नासाव्या मिनिटाला ‘दिवेलागण झाली, घरी जा’ म्हणायच्या. राजकुमार खिळ्यांवर पडला की डोळे तू मिटायचीस आणि चिमटा माझ्या दंडाला! तो खेळ जॉर्डन मेक्नरनं 1989 मध्ये अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरसाठी लिहिला. 2012 मध्ये त्याच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉपींचा खोका सापडला. जाणकारांनी त्या वाचून काढल्या आणि मेक्नरनं खेळाचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला केला. आपण खेळायचो ती डॉसवरची आवृत्ती डॉसबॉक्स नावाच्या फुकट प्रोग्रॅमवर आजही चालते. कन्या ती खेळते आणि खिळ्यांपाशी अगदी तुझ्यासारखी किंचाळते. उलट 2017 मध्ये आयफोनची आयओएस 11 आली आणि ज्या बत्तीस-बिट खेळांना त्यांच्या कर्त्यांनी नवं रूप दिलं नव्हतं, ते पैसे देऊन घेतलेले असूनही त्या फोनवर उघडेनासे झाले. माझा जीव तुटतो तो इथे.

आणि तुझं लाडकं सॉलिटेअर! 1990 पासून विंडोजबरोबर मुकाट यायचं. 2012 मध्ये विंडोज 8 आलं आणि ते स्टोअरमधून घ्यायचं अ‍ॅप झालं. आता पत्ते लावताना मध्ये जाहिराती येतात आणि त्या नको असतील तर वर्गणी भरायची. तुला पत्ते लपवून ठेवायची सवय, पण मायक्रोसॉफ्टनं तर तुझ्यावरही कडी केली.

त्याच 2012 मध्ये, पीसीचे खेळ ऑनलाइन विकणाऱ्या स्टीमच्या गेब न्यूएलनं विंडोज 8 हे पीसीच्या दुनियेवरचं संकट आहे असं जाहीरपणे म्हटलं. त्याचा स्वतःचा धंदा स्टीमचा, हे खरं, पण भीती रास्त होती. 2016 च्या सुमाराला विंडोज स्टोअरमधून घेतलेल्या खेळांच्या फाइली कुलूपबंद फोल्डरात असायच्या. त्यात फेरफार करणं, म्हणजे पोरं ज्याला मॉड म्हणतात ते, जवळजवळ अशक्य. आता सांग, काउंटर-स्ट्राइक कुठून आला? हाफ-लाइफ या खेळाच्या फाइली उघड्या होत्या, म्हणून दोन तरुणांनी 1999 मध्ये त्याचा मॉड केला. कुलूप असतं तर तो खेळ जन्मालाच आला नसता. आमच्या फॅक्टरीत टी-72 रणगाडे खोलून, दुरुस्त करून पुन्हा उभे केले जातात. अशा घरातल्या पोरीला उघडता न येणारी वस्तू कशी पटावी!

स्टीमसुद्धा शेवटी दुकानच आहे, हे मला मान्य. म्हणून जमेल तिथे जीओजी नावाच्या ऑनलाइन दुकानातून घे. 2008 पासून ते विकलेल्या खेळाचा इन्स्टॉलर हातात देतात. तो डिस्कवर ठेवला की दुकान बंद झालं तरी खेळ आपल्याकडे राहतो. आणि पहिला खेळ म्हणून लेकाला ‘राजी’ दे. पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं 2020 मध्ये काढलाय. भावाला सोडवायला निघालेली मुलगी, राजस्थानी महाल, बाहुल्यांच्या खेळातून सांगितलेली गोष्ट. तिकडच्या थंडीत त्याला आपल्याकडचं काही बघायला मिळेल.

तर बजेट कळव. कन्या सुट्या भागांची यादी करून देईल. तिनं पॉवर सप्लायवर पैसे वाचवू नका असं आत्ताच बजावलंय. आणि हो, लेकाला स्वतःच्या हातानं जोडू दे. तू मध्ये हात घालू नकोस, स्क्रू हरवतेस.

तुझीच