चंद्रपूरचा परकोट आणि ‘बाहेरची’ माणसे

१/ न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आज स्थलांतरितांच्या स्वागताचे प्रतीक मानला जातो. त्याचा मूळ अर्थ मात्र निराळा होता. या कल्पनेचे जनक लाबुले गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. पुतळ्याच्या पायाशी तुटलेल्या साखळ्या आहेत. अनावरण झाले १८८६ मध्ये. जवळच्या एलिस बेटावर स्थलांतरितांची तपासणी सुरू झाली ती १८९२ मध्ये. स्वागताचा अर्थ मागाहून आला.

२/ आपल्या चंद्रपूरच्या परकोटाचे नेमके उलट झाले. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या चार वेशी व पाच खिडक्या असलेली ही गोंडकालीन भिंत पाहिली की आपल्याला केवळ ‘अडवणे’ आठवते. शत्रू अडवणे, इरई-झरपटीचा पूर अडवणे.

३/ परंतु ही भिंत उभारणाऱ्या राजघराण्याची दुसरी ओळख आमंत्रणाची आहे. खांडक्या बल्लाळशहाने परकोटाचा आरंभ केला, अशी परंपरा आहे. त्याच परंपरेनुसार त्याच्या पुढच्या हीरशहाने द्वाही फिरवली : जो जंगल तोडून शेती करील त्याला जमीन, जो तलाव बांधील त्याला तलावाखाली भिजेल तेवढी जमीन.

४/ मी सिंदेवाही तालुक्यातील कोहळी घरातली. गोंड राजांनी आमच्या पूर्वजांना तलाव बांधण्यासाठी काशीकडून आणले, अशी आमच्यात आख्यायिका आहे. तिचा पुरावा मी मागत नाही. पण झाडीपट्टीतले धान आजही त्या जुन्या मामा तलावांच्या पाण्यावर पिकते. म्हणजे ‘मूळचे इथले’ म्हणवणारे आम्हीही कधीकाळी वेशीतून आत आलेले.

५/ फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे चामोर्शी-मुलचेरा भागात वसली. तिसरी पिढी इथे जन्मली, तरी त्यांना ‘बाहेरचे’ म्हणताना आमची जीभ अडखळत नाही.

६/ तरीही ही केवळ औदार्याची गोष्ट नव्हे. प्रत्येक नव्या बांधीसाठी कुठले तरी जंगल तुटले. १७५१ मध्ये राज्य भोसल्यांकडे आणि १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. पुढे वनकायदे आले आणि ज्यांच्या राजांनी इतरांना जमिनी दिल्या, त्याच गोंडांना स्वतःच्या रानात शिरण्यासाठी परवानगी मागावी लागली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क कागदावर मिळाला, तो २००९ मध्ये.

७/ म्हणून मित्रहो, जटपुरा वेशीखालून जाताना ‘बाहेरचा कोण?’ हा प्रश्न जरूर विचारावा. मात्र त्याच्या जोडीला दुसराही विचारावा : ज्यांनी आपल्याला आत घेतले, त्यांच्या वाट्याला काय उरले?