पडदा का जागा होतो?

आज रात्री कारण सापडलं. बेंगळुरूतल्या या खोलीत टेबलाला लागूनच पलंग आहे. बाहेरचा मॉनिटर काळा होऊन काही क्षणांत पुन्हा उजळला की झोप मोडतेच. आधी माऊसवर संशय होता. तो काढला, तरी तेच. मग टर्मिनलमध्ये उपकरणांतले बदल दाखवणारं ‘युडेव्हएडीएम मॉनिटर’ चालू ठेवून पडदा झोपवला. लगेच ‘चेंज’ अशी ओळ उमटली.

डिस्प्लेपोर्टच्या केबलमध्ये एक तार ‘मॉनिटर जोडलेला आहे’ हे सांगते. काही मॉनिटर गाढ झोपेत तो संकेतही सोडतात. पुढे इनपुट शोधायला ते क्षणभर जागे झाले, की संकेत परततो आणि डेस्कटॉप नवा पडदा आला समजून सगळं उजळवतो. मॉनिटरच्या मेनूतला आपोआप इनपुट शोधण्याचा पर्याय बंद केला. आता पडदा शांत आहे.

लिनक्सवर माझा जीव आहे तो यासाठी: यंत्र आत काय करतंय ते विचारता येतं. याच शहरात २००१पासून लिनक्सप्रेमींची संमेलनं भरत; अशी विचारपूस तिथे अनेकजण शिकले असणार.

शेजारच्या मुलाचा मॉनिटर एचडीएमआयवर आहे. तोही असाच जागा होतो का, ते उद्या बघायचं.