मधली वर्षं

रविवारी सकाळी आमच्या तालुक्याच्या कॉलेजात वेगळीच माणसं दिसतात. कुणी पहिल्या एस.टी.नं उतरून चालत आलेलं असतं, कुणी दूध घालून परस्पर आलेलं. एखादीच्या हाताला धरून पाच-सहा वर्षांचं पोरही येतं आणि मागच्या बाकावर चित्रं काढत बसतं. एका वाहकाच्या पिशवीत खाकी शर्टाची घडी असते, कारण दुपारी त्याला फेरीवर जायचं असतं. बाक अठरा वर्षांच्या अंगकाठीच्या मापानं केलेले. त्यात शिरताना गुडघे बोलतात, मग एक हसतो आणि सगळा वर्ग हसतो.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं हे अभ्यासकेंद्र. मी इथं समंत्रक आहे, मराठी शिकवतो. विद्यापीठ 1989 साली सुरू झालं, राम ताकवले पहिले कुलगुरू. मुख्यालय नाशिकजवळ गोवर्धनला, गंगापूर धरणाच्या शेजारी. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं बोधवाक्य. प्रत्यक्षात गंगा घरी पोचते ती पुस्तकांच्या संचाच्या रूपानं, आणि तो संच घरात कुठं ठेवायचा इथपासून प्रश्न सुरू होतात. कुणी तो मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवतं, कुणी ट्रॅक्टरच्या सीटखाली.

लिखाणाची सवय गेलेली असते. वर्षानुवर्षं हातानं फक्त सही केलेली. अक्षर ओळ सोडून वर चढतं, पान संपायच्या आत मनगट दुखतं. ‘‘तीन तास पेपर लिहिण्यापेक्षा दिवसभर भात लावलेला बरा,’’ एक बाई म्हणाल्या होत्या. पण अक्षराच्या आधी कागदांची परीक्षा असते. शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार कार्ड सासरच्या नावाचं. ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे सिद्ध करायला तिला लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, कधी राजपत्रातली नोंद असं गोळा करत फिरावं लागतं. माहेरच्या शाळेत हेडमास्तर बदललेले असतात, रजिस्टरला वाळवी लागलेली असते. शिकायला परत यायचं तर आधी लग्नापूर्वीच्या त्या मुलीला शोधून आणावं लागतं.

आणखी एक कागद असतो. पदवीनंतर एखाद्याला नियमित कॉलेजात पुढचा प्रवेश हवा असला की गॅप सर्टिफिकेट मागतात. तहसील कचेरीच्या आवारात टंकलेखक टेबल मांडून बसलेले असतात. त्यांच्याकडे मजकूर तयारच असतो, नाव आणि सालं तेवढी बदलायची. अर्जदार शपथेवर लिहून देतो की अमुक सालापासून तमुक सालापर्यंत आपण कुठल्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश घेतलेला नव्हता. नोटरी शिक्का मारतो. कायद्याच्या हिशेबानं त्यात काहीच खोटं नसतं. मला मात्र तो मजकूर वाचताना दरवेळी वाटतं की या माणसानं आत्ता आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शाळा शपथेवर नाकारली.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचंच घ्या, तोही वाहक. बारावी झाली, वडील गेले, तो एस.टी.त लागला. पुढे धाकटा भाऊ ट्रकखाली सापडला. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात उभा राहिला आणि तारखांना जायचं काम थोरल्याकडे आलं. रजा टाकून तो जायचा आणि कोर्टाच्या मागच्या बाकावर बसायचा. स्वतःचं प्रकरण पुकारेपर्यंत दुसऱ्यांची ऐकायचा. ‘‘साक्षीदाराला वकील काय विचारतो ते कुणालाही दिसतं,’’ तो मला म्हणाला, ‘‘काय विचारायचं टाळतो, ते तिथं बसूनच कळलं.’’ दावा निकाली निघाला, पण त्याचं कोर्ट सुटलं नाही. आमच्याकडून त्यानं पदवी घेतली आणि आता सकाळी भरणाऱ्या वर्गाला जाऊन वकिली शिकतोय. ड्युटी दुपारची मागून घेतली आहे. करिअर निवडलं म्हणजे काय केलं, असं त्याला विचारलं तर तो गोंधळेल. निवड कधीच झाली होती, कॉलेज उशिरा सापडलं एवढंच.

दुसरे एक गृहस्थ द्राक्षवाले. दहावी झाल्या झाल्या बापानं द्राक्षाच्या मांडवाखाली घेतलं. ऑक्टोबर छाटणी झाली की पोटात गोळा येतो तो डावणी रोगाचा. पानाच्या वर तेलकट पिवळे डाग, खाली पांढरी बुरशी, घडावर गेली तर सालभराची कमाई गेली. कितीतरी हंगाम ते औषधाच्या दुकानदारानं चिठ्ठीवर लिहून दिलेलं फवारत आले. फळबागेच्या शिक्षणक्रमाला नाव घातलं तेव्हा त्यांचे सोयरे हसले, म्हणाले, ज्याचा बाप द्राक्षात मेला त्याला पुस्तक काय शिकवणार? पहिल्याच संपर्क सत्रात त्यांनी आमच्या कृषीच्या सरांना विचारलं, ‘‘संध्याकाळी पान स्वच्छ असतं आणि सकाळी खालून पांढरं होतं. हे रात्रीतच का होतं?’’ सर नंतर चहावर सांगत होते की इतकी वर्षं शिकवतोय, कुठल्या पोरानं हा प्रश्न विचारला नाही. कारण मुलांनी आधी उत्तर वाचलेलं असतं. डावणीची ती पांढरी वाढ अंधारात, हवेत दमटपणा भरलेला असतानाच फुटते. तिथून बीजाणू उडतात आणि पानावर काही तास ओल टिकली की आत शिरतात. गृहस्थांनी हे वहीत उतरवून घेतलं आणि म्हणाले, ‘‘म्हणजे कॅलेंडर बघून नाही, पानाची ओल बघून मारायचं.’’ आता ते पहाटे बॅटरी घेऊन मांडवात शिरतात आणि पानं उलटून पाहतात. दुकानदाराची चिठ्ठी अजून येते, पण तिच्यातला निम्माअधिक मजकूर ते खोडतात.

नियमित शिक्षणात आणि या रविवारच्या शिक्षणात मला हाच फरक दिसतो. पोरवयात उत्तरं आधी मिळतात, त्यांचे प्रश्न पुढे कधीतरी आयुष्य विचारतं, आणि तोवर उत्तरं विसरलेली असतात. ही माणसं प्रश्न घेऊन येतात. ते शिळे झालेले नसतात, कारण रोज त्यांच्याशी गाठ पडलेली असते.

माझं स्वतःचंही काही निराळं नाही. मी कॉमर्सचा. पोस्टात काउंटरवर बसायचो, सातपूरच्या कारखान्यांजवळ. पगाराच्या आठवड्यात मनीऑर्डरची रांग लागायची. खानदेशातले, मराठवाड्यातले कामगार. बऱ्याच जणांना लिहिता येत नसे, काहींना येई पण धीर नसे. फॉर्मच्या तळाला संदेशासाठी बोटभर जागा. ‘‘साहेब, लिहा, पैसे पाठवलेत, आईला दवाखान्यात न्या, बैल विकू नका, मी दिवाळीला येतो असं नका लिहू, येईन बहुतेक असं लिहा.’’ हे सगळं त्या बोटभर जागेत बसवायचं. ‘येतो’ आणि ‘येईन बहुतेक’ यांतलं अंतर मी व्याकरणाच्या पुस्तकात शिकलो नाही. रांगेतल्या एका माणसानं ते मला दुरुस्त करून दिलं. एखादा वाक्य सांगता सांगता थांबायचा आणि म्हणायचा, ‘‘राहू द्या, तिला कळेल.’’ मग जे लिहायचं राहिलं तेही वाचणाऱ्याला कसं कळत असेल, हा विचार डोक्यात घर करून बसला. चाळिशी ओलांडल्यावर मी मराठी घेऊन बहिःस्थ एम.ए.ला बसलो. ऑफिसात लोक म्हणाले, प्रमोशनला याचा उपयोग नाही. खरंच नव्हता.

या सगळ्यांच्या मागे उभी असलेली मोठी माणसं आठवली की मला बरं वाटतं. जोतीराव फुल्यांची शाळा मध्येच सुटली होती. लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी, गोविंदरावांनी, त्यांना शाळेतून काढलं आणि ते मळ्यात राबू लागले. शेजारचे मुन्शी गफार बेग आणि लिजिटसाहेब या दोघांनी गोविंदरावांचं मन वळवलं, आणि 1841 साली जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा बसले. त्या मधल्या वर्षांची नोंद कुठल्या हजेरीपटावर नाही. पण ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्याला मोट, मळा आणि पाटाचं पाणी ठाऊक होतं, ते शाळेत बसून झालेलं नव्हतं, असं मला वाटतं.

पार्वतीबाई आठवले ऐन विशीत विधवा झाल्या, पदरात मूल. बहीण बाया कर्वे पुण्यात होत्या. त्यांच्याकडे येऊन पार्वतीबाई शिकल्या आणि मग धोंडो केशव कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. मागायला इंग्रजी लागतं हे हिंडतानाच उमगलं असणार. 1918 साली, पन्नाशीला टेकलेल्या असताना, त्या अमेरिकेला गेल्या. तिथं लोकांच्या घरी कामं करून राहिल्या, भाषा शिकल्या आणि आश्रमासाठी पैसा उभा केला. परत आल्यावर पुढे ‘माझी कहाणी’ लिहिली. आज एखादी बाई पंचेचाळिसाव्या वर्षी इंग्रजीच्या पेपरला घाबरते तेव्हा मी तिला पार्वतीबाईंची गोष्ट सांगतो. भीती जात नाही, पण ती एकटी राहत नाही.

कवी नारायण सुर्वे शाळेत आधी शिपाई होते. परीक्षा देऊन मुंबईच्या महापालिकेच्या शाळेतच शिक्षक झाले. 1962 साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आलं, 1966 साली ‘माझे विद्यापीठ’. घंटा वाजवणारा माणूस वर्गात जाऊन खडू हातात घेतो, हा प्रवास फार तर चार खोल्यांचा. त्यांना तो करायला अर्धं तारुण्य लागलं.

इथं मला जरा सावध व्हावंसं वाटतं. मधल्या वर्षांचं गुणगान करणं सोपं आहे, विशेषतः ज्याची पेन्शन चालू आहे त्याला. आमच्या वर्गातले कित्येक जण पहिल्या वर्षानंतर येत नाहीत. कुणाची बदली होते, कुणाच्या घरात आजारपण येतं, कुणाचा नवरा म्हणतो, आता पुरे. अंगणवाडीतली सेविका पर्यवेक्षिकेच्या पदासाठी पदवी घेते आणि तोवर जाहिरातच निघत नाही. अनुभवानं माणूस घडतो म्हणतात. अनुभवानं मोडलेली माणसं रविवारी कॉलेजात येत नाहीत, म्हणून ती आपल्याला दिसत नाहीत. आणि शाळा सुटणं ही तपश्चर्या नसते. कुणीतरी सोडायला लावलेली असते, किंवा पैसा संपलेला असतो.

सासूची काळजी घेता घेता रुग्णसेवेकडे वळलेली आमची एक विद्यार्थिनी आहे. सासूला अर्धांगवायू झाला होता. दवाखान्यातून घरी आणलं आणि काही आठवड्यांत पाठीला जखमा झाल्या. त्या धुता धुता ही हळूहळू सगळं शिकली; पुढे काही वर्षं सासू तिच्याच देखभालीखाली होती. ती गेल्यावर हिनं रुग्णसेवेचा शिक्षणक्रम घेतला. त्यात वाचलं की हाडाच्या जागी सतत दाब पडला की रक्त पोचत नाही आणि तिथलं मांस मरतं, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते. मला वाटलं, तिला समाधान झालं असेल. तिला संताप आला होता. ‘‘घरी सोडताना हे सांगायला दोन मिनिटं लागली असती,’’ ती म्हणाली. ‘‘मला हे त्यांच्या पाठीवर शिकावं लागलं.’’ त्यानंतर मधल्या वर्षांबद्दल गोड बोलताना माझी जीभ अडखळते.

जोतीरावांनाही मळ्यातली वर्षं गोड वाटली नसावीत, कारण त्यांनी आणि सावित्रीबाईंनी 1855 साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं आणि नोकरी करणाऱ्यांना यावं म्हणून वर्ग सकाळी भरवले. मुक्त विद्यापीठानं रविवार घेतला. रात्र, सकाळ, रविवार: शिक्षण पुन्हा हाती यावं म्हणून आपल्याकडच्या शहाण्या माणसांनी जे केलं ते मुख्यतः एवढंच, की कष्टकरी माणसाच्या मालकीचे तास शोधून काढले आणि शाळा तिथं नेऊन ठेवली. अनुभवाची थोरवी गाणारी भाषणं त्यांनीही केली असतील, पण आधी वेळापत्रक बदललं.

रुग्णसेवा शिकलेली ती बाई आता लोकांच्या घरी रुग्ण सांभाळते आणि बी.ए.ही करते. दोन कुशींच्या मधल्या दोन तासांत ती स्वाध्याय लिहिते, असं तिनं मला हसत सांगितलं. तिची मुलगी यंदा बारावी झाली. घरचे म्हणत होते, वर्षभर थांबू दे, भावाची फी आधी भरू. हिनं ऐकलं नाही. गळ्यातलं मोडलं आणि मुलीला नर्सिंगला घातलं. ‘‘सर, माझं जमून गेलं,’’ ती म्हणाली, ‘‘पण पोरीला गॅप नको.’’ मी होकार दिला. गॅपमध्ये काय मिळतं ते तिला माझ्याहून जास्त ठाऊक आहे, आणि काय किंमत पडते तेही.