दुरेघी वही

परवा बाजारातून दोन दुरेघी वह्या आणल्या. दुकानदार म्हणाला, "नातवासाठी का, बाई?" मी नुसती हसले. वह्या ह्यांच्यासाठी होत्या.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. सही जुळत नाही म्हणून बँकेतून ह्यांचा चेक परत आला. घरी जुन्या सहीशेजारी नवी ठेवून पाहिली. सही तीच, पण मुंगीएवढी झालेली! वाणसामानाच्या यादीतही पहिला शब्द ठळक आणि शेवटचा भिंगातून वाचावा असा. मी आयुष्यभर मुलांचं अक्षर सुधारत आलेली. म्हटलं, "अहो, जरा मोठं काढा की! एवढा कसला कंटाळा?" हे काहीच बोलले नाहीत. चेहरा दगडासारखा. मला वाटलं, रागावले. मग मीही अबोला धरला.

तो राग नव्हता आणि कंटाळाही नव्हता, हे कळायला वर्ष गेलं. हात थरथरत नव्हता ना! कंपवात म्हणजे कंप, एवढंच आम्हाला ठाऊक. डॉक्टरांनी समजावलं की पार्किन्सनिझम हे लक्षणांच्या एका गटाचं नाव आहे. हालचाल मंदावणं हे मुख्य, आणि जोडीला ताठरपणा किंवा कंप. काही औषधांमुळेही असं होऊ शकतं, म्हणून आधी त्यांनी ह्यांच्या सगळ्या गोळ्या तपासल्या. ह्यांचा मात्र पार्किन्सनचा आजारच निघाला. लंडनच्या जेम्स पार्किन्सन ह्या डॉक्टरांनी १८१७ साली त्यावर निबंध लिहिला होता, त्यांच्यावरूनच पुढे हे नाव पडलं. मेंदूच्या खोल भागातल्या, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. लेव्होडोपाच्या गोळीने ती उणीव काही तास भरून निघते, पण पेशींची झीज थांबत नाही. चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात. हसू मनात येतं, चेहऱ्यावर पोचत नाही. आणि मी आठ-आठ दिवस अबोला धरून बसले होते! असो.

वह्यांचं सांगायचं राहिलंच. ह्या आजारात आपसूक होणाऱ्या हालचाली बिघडतात, पण डोळ्यांपुढे खूण असली की पुष्कळदा जमतं. दारापाशी आले की ह्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. फिजिओथेरपीच्या बाईंनी तिथे फरशीवर रंगीत पट्ट्या लावायला सांगितल्या. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल उचललं जातं. मनात आलं, पायाला रेघ लागते तर हाताला का नको?

तेव्हापासून रोज संध्याकाळी दहा ओळी. दोन रेघांच्या मध्ये अक्षर पुन्हा ऐसपैस होतं. कोऱ्या कागदावर परत बारीक. गोळीचा अंमल उतरत आला की रेघाही कामाला येत नाहीत. मग वही मिटायची.

काल शेवटच्या ओळीत ह्यांनी लिहिलं होतं, "बाई, आज लाल शेरा नको." चेहरा तसाच, कोरा. मी मात्र हसले, दोघांच्याही वाटचं.