पाण्याचं वय

पुण्याच्या कडेला फ्लॅट बघायला माणसं सहकुटुंब जातात. बाप्ये बाल्कनीतून टेकडी बघतात, पार्किंगची चौकशी करतात. घरातली जाणती बाई मात्र थेट मोरीत जाते आणि नळाची तोटी न्याहाळते. तोटीच्या कडेला पांढरी खरखरीत पूड बसलेली असली, की तिचा चेहरा उतरतो.

"पाणी कुठलं हो दादा?"

"कॉर्पोरेशनचं येतंय की ताई, सकाळी अर्धा तास. बाकी बोअर. नाही पुरलं तर टँकर."

वॉचमनच्या एवढ्याशा उत्तरात तिला त्या घरातला सगळा संसार दिसतो. दोन शिट्ट्या जास्त घेऊनही दाताखाली येणारी तूरडाळ, बादलीच्या आतल्या बाजूला उमटलेली पांढरी वर्तुळं, शॉवरची एकेक करून बुजलेली भोकं, काचेच्या पेल्यावरचे न जाणारे डाग आणि वर्षाआड येणारा गिझरवाला.

या पाण्याला आपल्याकडे जड पाणी म्हणतात. त्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं, एवढंच. पण तेवढ्यानं स्वयंपाकघराचं गणित फिरतं. डाळीच्या दाण्याला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन शिजताना सुटायला हवं. कॅल्शियम त्यालाच पकडून आणखी आवळतं. म्हणून चिमूटभर खायचा सोडा टाकायची जुनी युक्ती लागू पडते. साबणाचंही तसंच. फेस यायच्या आधी साबण कॅल्शियमशी संग करतो आणि न विरघळणारा चिकट साका बनून मोरीत बसतो. आपण घासत राहतो, वडी झिजत राहते. केस गळण्याचं खापरही या पाण्यावर फुटतं. ते कितपत खरं हे ज्याच्या त्याच्या डोक्यावर सोडलेलं बरं.

एकाच शहरात पाण्याचे असे दोन स्वभाव कुठून आले? उत्तर पश्चिमेला आहे. पानशेत, वरसगाव आणि टेमघरच्या डोंगरांवर पाऊस कोसळतो, ओढ्यांतून धावत खाली येतो आणि खडकवासल्यामार्गे शहराकडे निघतो. खडकवासला धरून ही चार धरणं मिळून साधारण 29 टीएमसी पाणी साठवतात. हे पाणी खडकावरून वाहिलेलं असतं, खडकात राहिलेलं नसतं. म्हणून ते हलकं. बोअरचं पाणी मात्र खडकाकडे मुक्कामाला राहून आलेलं असतं. पावसाचा थेंब मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतो, किंचित आंबट होतो आणि काळ्या पाषाणाच्या भेगांत उतरतो. या बेसॉल्टमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. वर काळ्या मातीत चुनखडीचे खडे, आत भेगांमध्ये स्फटिक. पाणी तिथं जितकं जास्त काळ थांबेल तितके क्षार अंगाला लावून घेईल. हलकं पाणी यंदाचं असतं. जड पाणी किती वर्षांपूर्वीच्या पावसाचं, ते खडकच जाणे.

आपण ते पाणी तापवतो तेव्हा हा सगळा प्रवास उलटा होतो. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा घट्ट होऊन कॉइलला चिकटतो. गिझरवाला कॉइल बाहेर काढून पक्कडीच्या टोकानं ठोकतो आणि वर्तमानपत्रावर पांढऱ्या-पिवळट कपच्यांचा ढीग पडतो. एखादी कपची उचलून बघावी. आतल्या बाजूला कॉइलची गोलाई उमटलेली, कडेला पापुद्र्यावर पापुद्रे. तो थर म्हणजे पायाखालचा दगडच. पाण्यात बसून जिना चढून आलेला.

पुण्यानं आपली तहान नेहमी लांबून भागवली आहे. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून घेतला आणि जमिनीखालच्या दगडी नळातून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत खेळवलं. हवा खेळती राहावी म्हणून वाटेत उच्छ्वास ठेवले. पुढं इंग्रजांच्या काळात मुठेवर खडकवासल्याचं धरण झालं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि नदीकाठचं पुणं वाहून गेलं, तरी सावरलेल्या शहराची मदार त्याच खोऱ्यावर राहिली. वाड्यावाड्यांत आड होते, पण शहर मोठं झालं ते डोंगरातून आणलेल्या पाण्यावर.

आता शहर त्या पाण्याच्या पुढं धावलं आहे. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये आणखी 23 गावं महापालिकेत आली. हद्द एका अधिसूचनेनं वाढते. जलवाहिनी खणून टाकावी लागते. मधल्या काळात इमारती उभ्या राहतात, ताबे दिले जातात, लोक राहायला येतात आणि बोअर खोल खोल जात राहतं. पेठेतल्या माणसाला यंदाचा पाऊस मिळतो, कडेच्या माणसाला खडकात मुरलेलं पाणी. कडेचा माणूस वर टँकरचे पैसे भरतो, शिवाय सॉफ्टनरच्या खोलीत मिठाची पोती रचतो. सॉफ्टनरमधले रेझिनचे मणी कॅल्शियम धरतात आणि बदल्यात सोडियम देतात. मणी थकले की मिठाच्या पाण्यानं धुवायचे आणि ते खारं पाणी गटारात सोडायचं. म्हणजे एका टोकाचा क्षार दुसऱ्या टोकाला.

पाण्याच्या या त्रासावर जगणारा एक खास विक्रेता असतो. तो टीपॉयवर दोन पेले मांडतो, एकात नळाचं पाणी, एकात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत धातूच्या सळया बुडवून बटण दाबतो. बघता बघता नळाचं पाणी हिरवट, मग तांबूस होतं, वर गाळ तरंगतो आणि घरातली मंडळी घास अडकल्यासारखी बघत राहतात. "हे पिता तुम्ही, काकू!" खरं तर गाळ त्या लोखंडी सळईचा असतो. पाण्यात क्षार आहेत म्हणून वीज वाहते, वीज वाहते म्हणून सळई झिजते. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, तिथं वीज वाहणार कशी? धरणाच्या हलक्या पाण्यावरही लोक आरओ बसवतात ते या खेळानंतर. वास्तविक विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असतील तिथं आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्येच बजावलं होतं.

पाण्याचा जडपणा, म्हणजे कठीणपणा, मोजायचा खरा प्रकार प्रयोगशाळेत बघावा. चंचुपात्रात पाणी, त्यात सूचकाचे थेंब. पाणी द्राक्षासवासारखं लालसर होतं. वरून ब्युरेटमधून ईडीटीए थेंब थेंब सोडायचं. लाल रंग जांभळट होतो, आणि एका थेंबासरशी स्वच्छ निळा. त्या थेंबाशी आकडा ठरतो. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं तर कठीणपणाला आरोग्याच्या कारणानं मर्यादाच घातलेली नाही. जड पाणी खिशाला जाचतं, जिवाला सहसा नाही.

जिवाला जाचतं ते वेगळंच असतं. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू मिळाला आणि संशय पिण्याच्या पाण्याकडे वळला. खडकवासल्याचं धरण तिथून जवळ. तिथल्या पाण्यात दिसण्यासारखं काय होतं? जड पाणी आपली खूण तोटीवर सोडून जातं. जिवाणू काहीच सोडत नाही. त्याला रोखायला टाकीत शिल्लक क्लोरिन लागतं, लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम, आणि विक्रेत्याच्या खिशातल्या, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएसच्या पेनाला जिवाणूचा पत्ताही लागत नाही.

तेव्हा सोसायटीच्या पुढच्या सभेत पार्किंगचा विषय थोडा मागं ठेवा. बोअरचं, टँकरचं आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत पाठवा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. अहवालात तीन गोष्टी बघा: कठीणपणा, शिल्लक क्लोरिन आणि जिवाणू. तो कागद लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावा, आणि त्याची एक प्रत महापालिकेकडे नळजोडाच्या अर्जाला जोडा. ज्या गावांकडून कर घेतला जातो, त्यांना धरणाच्या पाण्यातला वाटा मिळालाच पाहिजे.