आपापसांत बोलणारी माणसे

घरातले मूल संगणकावर खेळायला बसले की आपण मोठी माणसे एकच वाक्य बोलतो, "बंद कर ते आणि पुस्तक उघड." वाक्य चुकीचे नाही. पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवणाऱ्या आईबापांना वेळेची किंमत ठाऊक असते. त्या खेळांची वकिली करायला मी बसलेले नाही. पण त्यांतल्या एका प्रकारच्या खेळात मला एक गोष्ट आढळली. ती नात्यांविषयी आहे आणि आपल्या घराघरांना लागू पडणारी आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

मी कर्जत तालुक्यातल्या कशेळ्याची. अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करते. घरात मी थोरली सून. दोन दीर, त्यांच्या बायका, मुले, सगळे एका छपराखाली. धाकट्या दिराचा मुलगा डिप्लोमाला आहे. सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशांतून त्याने मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून एक जुना संगणक आणला. आधी अभ्यास, मग तासभर खेळ, असा आमचा करार आहे. तो खेळतो तेव्हा मी शेजारी भाजी निवडत बसते. एकदा पडद्यावरची माणसे बराच वेळ बोलत होती. मी विचारले, "काय सांगतायत रे तुला?"

तो म्हणाला, "मोठी आई, मला नाही सांगत. ती एकमेकांशी बोलतायत."

हे उत्तर माझ्या मनात बसले. तेव्हापासून मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. मला इंग्रजी कळते ते बसची पाटी वाचण्यापुरते. तेव्हा पुढे जे लिहिते आहे, ते त्याने समजावून दिलेले आहे.

या खेळांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण एका पात्राची भूमिका घ्यायची आणि एका लांबलचक गोष्टीतून वाट काढायची. वाटेत माणसे भेटतात. त्यांतली काही आपल्याबरोबर येतात. ती आपले साथीदार. १९८१ साली अमेरिकेत 'विझर्ड्री' नावाचा खेळ निघाला. त्यात सहा जणांची तुकडी असे. पण ती सहाही जणे खेळणाऱ्यानेच तयार करायची. कुणाच्या अंगात बळ किती, कुणाला मंत्र किती येतात, एवढाच हिशेब. त्यांना एकमेकांशी बोलायला तोंड नव्हते. औताला जुंपलेल्या बैलांसारखी ती मुकाट चालत.

पुढे कॅनडातल्या एडमंटन शहरातील बायोवेअर या कंपनीने १९९८ साली 'बाल्डर्स गेट' हा खेळ आणला. त्यात खालिद आणि जाहेरा हे नवराबायको भेटतात. खालिद बोलताना अडखळतो, भित्रा वाटतो. खेळणाऱ्याला वाटते, याला घरी पाठवावे आणि बायकोला ठेवून घ्यावे. ते जमत नाही. एकाला निरोप दिला की दुसराही निघून जातो. नायकाची सोय त्यांच्या संसारापेक्षा मोठी नाही! २००० साली दुसरा भाग आला. त्यात खालिद मारला गेलेला असतो आणि जाहेरा ते दुःख घेऊन पुढे चालते. हे ऐकताना माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. या साथीदारांना नायकाखेरीज स्वतःचे असे काही आहे, हे मला तेव्हा कळले.

जत्रेतला तमाशा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही गोष्ट अगदी परकी वाटणार नाही. गवळणीत कृष्ण असतो खरा, पण रंग भरतो तो पेंद्या आणि मावशी यांच्या बोलाचालीने. कृष्ण बाजूला उभा राहतो तेव्हाच त्या दोघांना वाव मिळतो.

याच कंपनीचा 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' हा खेळ २००९ साली आला. त्यात मॉरिगन नावाची रानात वाढलेली, तिखट जिभेची बाई आहे. ॲलिस्टर नावाचा तरुण आहे. तो आईबापांवाचून वाढलेला, मनातले दुःख थट्टेखाली झाकणारा. ही दोघे वाटेने चालता चालता एकमेकांना टोमणे मारतात. तसे बोलायला त्यांना कुणी सांगितलेले नसते. पण एक अट आहे. खेळणाऱ्याने दोघांना बरोबर घेतले, तरच हे बोलणे ऐकू येते. एकाला तळावर ठेवले की दुसरा गप्प. नाते जुळायचे किंवा उसवायचे, तर दोघांना एका वाटेने चालावे लागते.

आता थोडे आमच्या घराविषयी. सासूबाई होत्या तोवर घरातली प्रत्येक गोष्ट त्यांच्याकडून जाई. मधल्याला काही सांगायचे असेल तर तो आईला सांगे, आई धाकट्याला सांगे. त्या गेल्या आणि ते काम माझ्याकडे आले. "वहिनी, त्याला सांगा, मोटारीचं बिल या महिन्याला त्यानं भरायचं." "वहिनी, दादाला म्हणावं, गाडी दारात लावू नको." दोघे भाऊ एका पडवीत बसलेले असत आणि मधे निरोप मी नेत असे! बाहेरच्याला वाटावे, केवढे एकोप्याचे घर. पण तो एकोपा एका माणसाच्या पायांवर उभा होता. ते पाय थकले म्हणजे काय?

या अबोल्याच्या मागे एक जुनी गोष्ट आहे. मधल्याने नववीत शाळा सोडली आणि तो खोपोलीकडे हमालीला जाऊ लागला. त्या पैशांवर धाकट्याचे आयटीआय झाले. धाकटाही कष्टाने शिकला. उपाशीपोटी कर्जतला गेला आहे, हे मी पाहिले आहे. पण मधल्याच्या त्या हमालीचा उच्चार घरात कधी झाला नाही. मधल्याने कधी मागितला नाही आणि धाकट्याने कधी दिला नाही. नातेवाईक सांगत, "जाऊ द्या, घरातलं आहे, मिटवून टाका."

या 'मिटवून टाका'विषयी मला त्या खेळांतच एक चांगला दाखला सापडला. 'मास इफेक्ट २' हा २०१० सालचा खेळ. त्यात जॅक नावाची तरुणी आहे. सर्बेरस नावाच्या एका संघटनेने तिला लहानपणी कोंडून तिच्यावर प्रयोग केलेले असतात. त्याच जहाजावर मिरांडा ही त्या संघटनेची अधिकारी आहे. एक दिवस जॅक तिच्या खोलीत जाते आणि म्हणते, जे झाले ते चूक होते एवढे कबूल कर. मिरांडा म्हणते, ती खरी आमची संघटना नव्हेच. भांडण हातघाईवर येते. नायकाने एकीची बाजू घेतली तर दुसरी मनातून तुटते आणि मनातून तुटलेली माणसे शेवटच्या मोहिमेत जिवानिशी जाण्याची भीती असते. नायकाच्या बोलण्यात वजन असेल तर तो दोघींना गप्प करतो. मोहिमेपुरते भांडण बाजूला ठेवा, असे सांगतो. दोघी राहतात आणि खेळणारा सुटकेचा श्वास टाकतो.

पुतण्या म्हणाला, "बघ मोठी आई, मिटलं." मी त्याला विचारले, "तिनं मागितलं होतं ते तिला मिळालं का?" तो विचारात पडला.

मला वाटते, इथे तो खेळ फार खरा आहे आणि थोडा अपुराही आहे. खरा यासाठी, की दुखावलेल्या माणसाला आधी पैसा किंवा हिस्सा नको असतो. झाले ते झाले होते, असे कुणीतरी तोंडाने म्हणावे, एवढीच त्याची मागणी असते. अपुरा यासाठी, की नायकाच्या गोड बोलण्याने काम निभते, पण कबुली तशीच राहते. वरचा माणूस मध्ये पडून शांतता करू शकतो. कबुली मात्र ज्याची त्यालाच द्यावी लागते. ती मी माझ्या दिराच्या वतीने देऊ शकत नव्हते.

मग मधल्या माणसाने करायचे काय? याचे उत्तर मला जपानमधल्या 'फायर एम्ब्लेम' या खेळात मिळाले. ही खेळांची मालिका १९९० पासून चालू आहे. पट बुद्धिबळासारखा, चौकोनांचा. २००२ साली निघालेल्या भागात अशी सोय आहे, की ठरावीक जोडीतले दोन शिपाई पटावर वारंवार शेजारी उभे राहिले की त्यांची ओळख वाढत जाते. पुरेशी वाढली की ते दोघे बोलतात. पहिल्यांदा वरवरचे, मग मनातले. अशा जोड्यांत नायक असेलच असे नाही. पुढे लढाईत जवळ उभे असले की दोघांनाही बळ चढते. खेळणाऱ्याच्या हातात एवढेच, की त्यांना शेजारी उभे करायचे आणि आपण दूर व्हायचे.

गेल्या आगोटीला मी तसेच केले. पावसाआधी छपराचे पत्रे बदलायचे होते. दरवर्षी आम्ही एखादा माणूस लावतो. या वेळी मी म्हटले, पैसे नाहीत, दोघे भाऊ करा. आणि निरोप नेणे थांबवले. "वहिनी, त्याला सांगा" म्हटले की मी म्हणे, "तो काय समोरच आहे, भाऊजी, तुम्हीच सांगा." पहिला दिवस मुक्याने गेला. दुसऱ्या दिवशी "धर", "सोड", "सरक" एवढे शब्द झाले. तिसऱ्या दिवशी पुतण्या खालून पत्रे वर देत होता. धाकटे भाऊजी वरून त्याला म्हणाले, "नीट दे रे. तुझ्या काकानं नववीत दप्तर ठेवलं म्हणून मी शिकलो. त्याच्या हाताला लागू देऊ नको." मी खाली चुलीपाशी होते. मधले भाऊजी काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी खिळे मागितले.

सगळे सुरळीत झाले असे मी सांगणार नाही. मोटारीच्या बिलावरून आजही वाद होतो. पण आता तो समोरासमोर होतो आणि दोघे चहा एकत्र घेतात.

अंगणवाडीत हेच मी वर्षानुवर्षे पाहते. जूनमध्ये नवी मुले येतात. प्रत्येक जण बाईंच्या पदराला धरून असतो. दुसऱ्या मुलाने ढकलले तरी तक्रार बाईंकडे, खेळणे हवे असले तरी मागणी बाईंकडे. बाई उठून बाहेर गेल्या की रडारड. मग एक दिवस बाई बाहेर जातात आणि कुणाच्या ते लक्षातही येत नाही. एक पोर दुसऱ्याला आपल्या ताटलीतली खिचडी देत असते. त्या दिवशी वर्ग खरा भरला, असे आम्ही समजतो.

शेवटी एक दाखला देते, कारण तो मला फार आवडला. बेल्जियममधल्या लॅरियन कंपनीने २०२३ साली 'बाल्डर्स गेट ३' आणला. त्यात विल नावाचा तरुण आहे. एका दुष्ट शक्तीशी केलेल्या करारात तो बांधला गेला आहे. तिने त्याला हुकूम दिला आहे, की कार्लाक नावाची एक राक्षसीण आहे, तिला मार. तो तिला गाठतो. पाहतो तर ती राक्षसीण नाहीच. तिला विकले होते, दहा वर्षे दुसऱ्याच्या लढाईत जुंपले होते आणि ती पळून आलेली आहे. तिच्या छातीत हृदयाच्या जागी धगधगते यंत्र बसवले आहे. त्यामुळे तिला कुणी स्पर्श करू शकत नाही. तो दोष तिचा नव्हे, यंत्र बसवणाऱ्यांचा. 'हिला शिवू नये' असे ज्यांच्या आजी-आजोबांनी ऐकले आहे, त्या आपल्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको. खेळणाऱ्याने तसे वळण दिले तर विल तिला मारत नाही. हुकूम मोडल्याबद्दल त्याला शिक्षा होते, त्याच्या कपाळावर शिंगे येतात. तरी तो तिचा मित्र होतो. खेळाच्या एका शेवटात तर तिचा जीव वाचावा म्हणून तो तिच्याबरोबर नरकात जायला निघतो. आधी सांगितलेली गोष्ट त्याने समोरच्या माणसाकडे पाहून तपासली, म्हणून हे नाते झाले.

वाचकहो, खेळ तो खेळच. माझा पुतण्या परीक्षेच्या महिन्यात संगणकावर कापड टाकतो आणि तेच बरोबर आहे. पण आपल्या घरात आज एक मोजदाद करून पाहावी. कोणती दोन माणसे फक्त तिसऱ्याच्या तोंडून बोलतात? आई नसेल त्या दिवशी कोणती भावंडे एकमेकांना फोन करतील आणि कोणती करणार नाहीत? सापडली, तर त्यांना उपदेश करू नका. त्यांना एकत्र बाजाराला पाठवा, एका दवाखान्याच्या रांगेत उभे करा, एका छपरावर चढवा. आणि तुम्ही खाली चहा ठेवा.