पितळ पोस्टाने जातं तेव्हा

काच पाठवताना धोका खोक्याच्या बाहेर असतो, पितळ पाठवताना तो खोक्यातच असतो. पाच किलोची घंटा आत बोटभर जरी मोकळी राहिली, तरी टेम्पोच्या प्रत्येक धक्क्याला ती पुठ्ठ्यावर आदळते. आधी कोपरा मऊ पडतो, मग फाटतो, आणि नागपूर येईपर्यंत घंटा दुसऱ्या कुणाच्या तरी पार्सलवर जाऊन पडलेली असते. म्हणून जड वस्तूच्या बांधणीत मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघतो. बांधून झालेला खोका कानाशी धरून हलवायचा. आवाज आला, तर पुन्हा उघडायचा.

तांब्या-पितळेची आणि बिडाची भांडी परगावी पाठवणं हे माझं रोजचं काम. कल्हईला, पॉलिशला म्हणून बाहेरगावाहून भांडी माझ्याकडे येतातही, आणि लोकांनी घरी बांधलेली ती पार्सलं उघडताना मी खूप शिकलो. बिडाचा एक खलबत्ता गंज काढायला आला होता. खोका धड, चिकटपट्टी जागच्या जागी, भोवती बबल रॅपचे वेढेच वेढे. बत्ता मात्र खलातच ठेवलेला. खल उजेडात धरला तर काठापासून खालपर्यंत केसासारखी उभी चीर. बाहेरून कुणी काही केलं नव्हतं. बत्ताच वाटभर आतून ठोकत आला होता. पाठवणाऱ्या काकूंनी जागा वाचावी म्हणून तो आत ठेवला होता, आणि खल त्यांच्या सासूबाईंचा होता. खल आणि बत्ता वेगवेगळे गुंडाळायचे, आणि दोघांच्या मध्ये पुठ्ठ्याची भिंत उभी करायची, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला फोनवर सांगतो. घंटेचा लोळाही असाच चिंध्यांनी आवळून बांधावा लागतो.

प्रत्येक धातूचा स्वभाव वेगळा. पितळेला पोचा पडतो. तांबं त्याहून मऊ, पण मठारलेलं तांबं ठोक्यांनी कडक झालेलं असतं. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर ज्या ओळीने ठोके मारतो, ती ओळ एका पोच्याने मोडली की भांडं बिघडलं असंच मी धरतो, कारण पोचा काढता येतो पण ओळ परत जुळवणं फार अवघड. बीड तर वाकतच नाही, सरळ तडकतं. त्याच्यात ग्राफाइटच्या बारीक पापड्या विखुरलेल्या असतात आणि चीर त्यांच्याच वाटेने धावते. बिडाच्या तव्याचे कान पहिले जातात. म्हणून तव्याला आधी तेलाचा हात, मग बटर पेपर, मग दोन्ही कानांवर जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे ओढून बसवायचे. सायकलवाला ते फुकट देतो.

धक्क्याचं गणित सोपं आहे. एक मीटरवरून पडलेली वस्तू एका सेंटीमीटरमध्ये थांबली, तर तिच्यावर सरासरी तिच्या वजनाच्या शंभरपट जोर येतो. पाच किलोची घंटा त्या क्षणी पाचशे किलोंची होते. तीच पाच सेंटीमीटरमध्ये थांबली, तर जोर पाचपट कमी. तेव्हा वस्तू हलू द्यायची नाही, पण पडली तर सावकाश थांबेल एवढी दबणारी जागा तिच्या सहाही बाजूंना ठेवायची. बबल रॅप इथे उपयोगाचं नाही. इतक्या वजनाखाली फुगे फुटतात आणि उरतो नुसता प्लॅस्टिकचा कागद. थर्माकोलचे तुकडे चुरा होऊन बसतात आणि वर पोकळी तयार होते. जड वस्तूला पुठ्ठाच सांभाळतो. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापायच्या, घट्ट गुंडाळ्या करायच्या, आणि त्या उभ्या, एकमेकींना खेटून भरायच्या. त्या दबतात, पण हळूहळू दबतात.

समईवर मात्र माझा जीव आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त सांगतो. समई कधीही अखंड पाठवू नये. बैठक, खांब, तबक, शेंडा असे तिचे भाग आट्यांवर फिरवून सुटतात, आणि तिचा सगळ्यात नाजूक अवयव म्हणजे हे आटे. एक आटा दबला की समई बसत नाही, बसली तरी कलते, आणि कललेल्या समईतलं तेल एका अंगाने ओघळतं. म्हणून प्रत्येक आट्याला आधी सुती चिंधी, वर पुठ्ठ्याचं टोपण. खांबासाठी कापडाच्या दुकानात ताग्याच्या आतली पुठ्ठ्याची नळी मागायची. दुकानदार ती टाकूनच देणार असतो. खांब त्या नळीत सरकवून दोन्ही टोकांना कापड ठासलं की तो पोचल्यावर वाकलेला निघण्याची भीती नाही. तबकं एकावर एक रचताना मधे कापड हवंच. भाग मोजून, किती आहेत ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी आत टाकायची, म्हणजे शेंड्यावरचा मोर रद्दीबरोबर फेकला जात नाही.

पावसाळ्यात आणखी एक काम वाढतं. भांडं कोरडं दिसतं, पण गुंडाळीखाली त्याच्या घडीत ओल राहते आणि आठवडाभरात तांब्यावर काळे-हिरवे डाग उठतात. आधी कडक ऊन, नाहीतर चुलीची ऊब, मग जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं कापड, आणि त्यावर प्लॅस्टिक. वर्तमानपत्राचा कागद पितळेला थेट लावू नये, शाई उतरते.

आता खर्चाचं. हलक्या पण मोठ्या खोक्याला आकारमानाचं भाडं पडतं. सर्रास चालणारा हिशेब असा: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं, येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल तर भाडं त्याचं. पण पितळेचं वजन आकारमानाला सहज मागे टाकतं. ३० × ३० × २५ चा खोका या हिशेबाने साडेचार किलोंचा ठरतो. आत पाच किलोची घंटा असेल तर भाडं वजनाचंच, मग खोका लहान घेऊन काय वाचणार? ही मोकळी जागा पितळ पाठवणाऱ्याला जवळजवळ फुकट मिळते, आणि लोक नेमकी तीच वाचवायला जातात. वाचवायचंच तर भरावात वाचवा, किराणा दुकानातले जुने खोके कापा. बाहेरचा खोका नवा, किमान फाइव्ह प्लायचा, दहा किलोच्या पुढे सेव्हन प्लायचा. आणि बांधण्याआधी वजन करा. भाडं टप्प्याटप्प्याने वाढतं. चाळीस ग्रॅम जास्त भरले की पुढच्या टप्प्याचे पैसे जातात, आणि तेवढं तर झाकणाचा एक जादा पदर कापूनही कमी होतं.

स्पीड पोस्टाने ३५ किलोंपर्यंत पार्सल जातं. मर्यादेचा पुरेपूर फायदा घेणारे जगभर झाले. १९१६ साली अमेरिकेतल्या यूटा राज्यात व्हर्नल नावाच्या आडगावी बँकेची इमारत बांधायची होती. विटा मालवाहू गाडीने आणण्यापेक्षा पार्सल पोस्ट स्वस्त, म्हणून त्या सॉल्ट लेक सिटीहून पन्नास-पन्नास पौंडांची पार्सलं करून पाठवल्या गेल्या. टपाल खात्याने पुढे एका माणसाने एका दिवसात किती वजन पाठवावं यावर बंधन घातलं. ही गोष्ट लोक कौतुकाने सांगतात. मला ती ओझी चढवणारे-उतरवणारे आठवतात. म्हणून माझ्याकडून वीस किलोंच्या वरचं खोकं जात नाही. दोन पार्सलं केली तर भाडं थोडं जास्त पडतं, हे खरं. पण जे माणसाला नीट उचलता येतं ते आदळलं जात नाही.

चिकटपट्टीवर माझा विश्वास बेताचाच. धूळ बसलेल्या पुठ्ठ्यावर ती तिसऱ्या दिवशी सुटते. जड पार्सलाला मी अजून मांजरपाट शिवतो, दाभण आणि सुतळीने, जसं जुन्या पोस्टमास्तरांच्या काळी शिवत. आतलं खोकं फाटलं तरी कापड माल धरून ठेवतं, आणि कुणी उसवलं तर ते लगेच दिसतं. पत्ता कापडावर पाण्याने न जाणाऱ्या शाईने लिहायचा, आणि तोच पत्ता आतल्या चिठ्ठीवरही. बाहेरचा घासून पुसला गेला तर आतला कामी येतो. पिन कोडचे सहा आकडे ठळक काढायचे. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, कारण आपल्या देशात एकाच नावाची गावं कितीतरी आहेत; जड पार्सल चुकीच्या गावाला जाऊन परत येतं, तेव्हा ते दुप्पट धक्के खाऊन येतं.

एवढं सगळं केल्यावर एक काम उरतं आणि ते बहुतेक जण करत नाहीत. खोक्याचं वजन त्याच्या वर आणि दोन बाजूंना ठळक अक्षरांत लिहा: 'वजन १८ किलो'. नाजूक, सांभाळून, ही बाजू वर, असं लिहिलेलं गर्दीच्या वेळी कुणी वाचत नाही. पण आकडा वाचला जातो, कारण तो उचलणाऱ्याच्या कमरेशी संबंधित असतो. लहान खोकं हलकं असेल असं समजून पोस्टमन एका हाताने उचलायला जातो, आणि पितळ नेमकं लहान खोक्यातच जड असतं. तुम्ही पुढचं पार्सल बांधाल तेव्हा मार्कर हाताशी ठेवा आणि वजन लिहिल्याशिवाय ते काउंटरवर देऊ नका.